गिऱ्हाइकाचा हात

लातूरच्या गोलाई बाजारामागच्या बोळात चन्नबसप्पाचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन बाकं, हत्यारांची एक फळी आणि छताला टांगलेल्या गिटारी. मूळचा तो उदगीरकडचा लिंगायत गडी. घरचे सगळे अडतीत नाहीतर किराण्यात रमलेले. हा एकटाच मिरजेला पळाला, सतारी घडवणाऱ्या कारागिरांच्या हाताखाली राहिला, आणि परत येऊन बघतो तर लातुरात सतारीला कुत्रंही विचारत नव्हतं. लग्नात आणि गणपतीत ऑर्केस्ट्रा मात्र जोरात होते. मग त्यानं एक फुटकी गिटार आणून तिचं पोट उघडून बघितलं आणि जुन्या दाराच्या सागवानातून स्वतःची पहिली गिटार उभी केली. सतारीचे शब्दही त्यानं तिला चिकटवून टाकले. त्याच्या गिटारीला दांडी होती, दांडीवर सूर धरायला पडदे होते, तारा टेकायला घोडी होती. ऑर्केस्ट्रातली पोरं हसायची, पण हा ढिम्म.

माणूस हट्टी होता. मनासारखी न बोलणारी वस्तू दुकानाबाहेर जाऊ द्यायची नाही म्हणजे नाही. एकदा रस्त्यानं जाताना लग्नाच्या मांडवात आपलीच गिटार वाजताना त्यानं ऐकली. एक पडदा कणभर वर राहिलाय हे त्याच्या कानाला टोचलं, आणि पंगत उठायच्या आत वाजवणाऱ्याच्या हातातून ती काढून घेऊन तो दुकानाकडे चालता झाला. नवरदेवाचा बाप मारायला धावला होता. तरी यानं पडदा घासल्याशिवाय गिटार परत दिली नाही.

दुसरा हट्ट पहिल्याहून मोठा. गिऱ्हाइकाला कधी खोटं पाडायचं नाही. कुणाला बारीक तार हवी, कुणाला जाड, कुणाला दांडीला चिकटून, कुणाला चांगली वर उचललेली. तो सगळ्यांचं ऐकायचा. "चपलीचं माप ज्याच्या त्याच्या पायाला ठाऊक," म्हणायचा. "हात कुणाचाच खोटा नसतो. खोट असती ती गिटारीत." हे तो इतक्यांदा बोलला होता, की त्याची बायको गौरम्मा चहा गाळता गाळता पुढचं वाक्य स्वतःच पुरं करायची.

मारोती भोकरचा. नांदेडच्या एका ऑर्केस्ट्रात वाजवायचा. हात असा हलका, की त्याला सगळ्यांत बारीक तारा लागायच्या. "अप्पा, केसावानी तार लावा," म्हणायचा. लातूर जिल्हा झाला त्या ऑगस्टात मैदानावर मोठा कार्यक्रम झाला, तेव्हा मारोतीच्या गळ्यात चन्नबसप्पानं केलेली गिटार होती. पोराची बोटं दांडीवर अशी फिरली, की चन्नबसप्पा गर्दीत उभा राहून चारचौघांत रडला. त्या दिवसापासून त्याचा या पोरावर जीव जडला. तो आला की गौरम्माला हाक जायची, आणि आलं घातलेला चहा व्हायचा.

पुढं पाऊस रुसला. एक साल गेलं, दुसरं तसंच. बोळात टँकर यायला लागला आणि त्याच्यामागं बायकांची झोंबाझोंबी. कोरड्या हवेत लाकूड आकसायचं, गिटारींचे सांधे उकलायचे. चन्नबसप्पा लाकडापाशी ओलं पोतं टाकून ठेवायचा आणि गौरम्मा त्यावरून भांडायची. "माणसाला प्यायला न्हाई, आन् तुमी लाकडाला पाणी पाजून राहिले," ती म्हणायची. त्याला ते पटायचं, तरी पोतं ओलंच असायचं.

त्याच दिवसांत मारोती तक्रार घेऊन आला. "अप्पा, तार हाताला लागंना. बोटाखाली हाय का न्हाई, कळंना."

लाकूड आखडलं असणार. चन्नबसप्पानं दांडी तपासली, घोडी काढून नवी बसवली. थोड्या दिवसांनी मारोती पुन्हा हजर. मग पडदे घासले. पुन्हा हजर. "जरा जाड तार लावून बघा," मारोती म्हणाला. केसासारखी तार मागणारं पोर जाड तार मागायला लागलं, याचं चन्नबसप्पाला नवल वाटलं. पण माप ज्याचं त्याला ठाऊक. त्यानं जाड तारा चढवल्या आणि मनातल्या मनात स्वतःच्या कारागिरीला शिव्या घातल्या.

दुष्काळात ऑर्केस्ट्राला कोण बोलावणार? मारोती लातूरजवळच रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागला. एकदा तो तिथून परभारे दुकानात आला, तेव्हा गौरम्मानं चुलीवरून उतरवलेला चहा पितळी पेल्यात ओतून दिला. मारोतीनं तो डाव्या हातात धरला आणि बोलत बसला. पेला ना खाली ठेवला, ना या हातातून त्या हातात घेतला. तो गेल्यावर गौरम्मा म्हणाली, "त्या लेकराला चटका बसला न्हाई. बघितलं का तुमी?"

"खडी फोडून हात राठ झालाय," चन्नबसप्पा तुसडेपणानं म्हणाला.

पण त्यानंही बघितलं होतं. चन्नबसप्पाच्या मामाला, गुरुपादप्पाला, असाच चटका बसायचा बंद झाला होता. चुलीवरचा तवा तो उघड्या हातानं उतरवायचा आणि घरातली पोरं टाळ्या पिटायची. टाळ्या पिटणाऱ्यांत चन्नबसप्पाही होता. पुढं मामाची बोटं वाकली, झडली, आणि शेतातल्या एका खोपटात तो एकटाच मेला. भाकरी लांबून ठेवून यायची, मागं वळून बघायचं नाही, असं आईनं शिकवलं होतं.

पुढच्या खेपेला मारोतीनं गिटार बाकावर ठेवली तेव्हा तारांवर आणि पडद्यांवर रक्त वाळलेलं होतं. बऱ्यापैकी रक्त होतं. चन्नबसप्पानं त्याचा डावा हात बघितला. अनामिकेचं टोक तारेनं पार कापलं होतं.

"दुखत न्हाई का रं?"

"कुठं काय?" मारोतीनं बोट वळवून बघितलं आणि हसला. "हाव की. कवा कापलं कुणास ठाऊक. तार अजून जाड लावा अप्पा, हीबी कळंना."

तेव्हा बोलायला हवं होतं. समोरच्या भिंतीवर नव्या जिल्ह्याच्या आरोग्य खात्यानं ठळक निळ्या अक्षरांत रंगवलं होतं, की बधिर चट्टा म्हणजे कुष्ठरोग असू शकतो, सरकारी दवाखान्यात दाखवा, औषध मोफत आहे, वेळेवर घेतलं तर हात-पाय वाचतात. चन्नबसप्पा दुकान उघडताना रोज ते वाचायचा. पण मारोतीची सोयरीक नुकतीच उमरीला जमली होती. ही गोष्ट नुसती ओठाबाहेर पडली असती, तरी सोयरीक मोडली असती, ऑर्केस्ट्रातून काढलं असतं, पाणवठ्यावर कुणी उभं केलं नसतं. आणि खरं सांगायचं तर त्या पोराच्या तोंडावर तो शब्द उच्चारायची चन्नबसप्पाची छाती झाली नाही. मग जन्मभर बोललेलं वाक्यच त्याच्या कामी आलं. खोट गिटारीत असते. त्यानं रक्त पुसलं, दुकानातल्या सगळ्यांत जाड तारा काढल्या आणि चढवून दिल्या. मारोती खूश होऊन गेला. गौरम्मानं पुन्हा विचारलं, तेव्हा चन्नबसप्पा तिच्यावर खेकसला.

त्यानंतर मारोती बरेच दिवस फिरकला नाही. आला तो पावसाळा पुन्हा कोरडा गेल्यावर. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं तळव्याकडं वळून तशीच राहिली होती.

"खडी फोडून शीर आखडली," तो म्हणाला. "वैद्याचं तेल लावून राहिलो. पर मी काय म्हणतो अप्पा, तारा उलट्या बसवून द्या. उजव्या हातानं दाबतो, डाव्यानं छेडतो. अंगठा चालतोय की. नव्यानं शिकतो, त्यात काय." बोलता बोलता त्याचा चेहरा असा उजळला होता, की चन्नबसप्पानं नजर गिटारीकडं वळवली.

त्यानं गिटार घेतली, जुन्या तारा सोडवल्या. नवी पहिली तार पुडीतून काढली आणि ती हातात धरूनच थांबला. इतक्या वर्षांत त्यानं गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकलं होतं, हात कधी तपासला नव्हता.

"उजवा हात पुढं कर. डोळे मीट. तार लागली की सांग."

मारोतीनं हसत डोळे मिटले. चन्नबसप्पानं तारेचं टोक अंगठ्याला टेकवलं. "लागलं," मारोती म्हणाला. पुढच्या बोटाला टेकवलं. "लागलं." मधल्याला, मग अनामिकेला. "लागलं. लागलं." चन्नबसप्पाचा हात करंगळीकडं निघाला आणि वाटेतच अडला.

"लागलं," मारोती म्हणाला.

तार अजून टेकली नव्हती; मारोती नुसत्या अंदाजानं बोलत होता. मारोतीनं डोळे उघडले आणि तारेचं टोक कुठं आहे ते बघितलं. त्याचं हसू हळूहळू विरलं.

"गिटार चांगली हाय मारोती," चन्नबसप्पा म्हणाला. "पहिल्यापास्नं चांगली होती. खोट हातात हाय. समोर भिंतीवर लिवलंय तीच. दवाखान्यात गोळ्या मिळत्यात. ह्यो उजवा हात तरी वाचंल."

मारोती भिंतीकडं बघत राहिला. मग त्यानं आपला डावा हात उचलून बघितला. "तुमाला कवा कळलं?"

"तारांवर रक्त होतं तवा."

"आन् तुमी जाड तार लावून दिली?"

चन्नबसप्पानं बिनतारांची गिटार छताला टांगली, दुकानाला कुलूप घातलं आणि दवाखान्याच्या वाटेला लागला. मारोती आला, पण त्याच्या बरोबरीनं नाही. तो रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं, दोन्ही हात खिशात घालून चालत होता. चन्नबसप्पाला त्याला हाक मारावीशी वाटत होती, पण तेवढं तोंड त्याला उरलं नव्हतं.