माळ्यावरच्या ट्रंका

वडील गेले, गिरणीतून त्यांच्या फंडाचे पैसे आले, आणि त्या पैशांचं काय करायचं यावरून आईचं आणि मामाचं असं वाजलं की आमच्या लालबागच्या चाळीतल्या सगळ्या मजल्यानं ऐकलं. मामा गिरगावात राहायचा. कचेरीत कारकून, इस्त्रीचा शर्ट, आणि बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. त्याचं म्हणणं एकच, मुलुंडला जमिनीचा तुकडा घे.

"अगं, आज नुसतं गवत आहे तिथं. पंधरा वर्षांनी बघ, सोनं होईल."

"आणि तोवर काय गवत खायचं आम्ही, दादा?"

आई खानावळ चालवायची. खानावळ म्हणजे काही पाटीबिटी नाही हो. आमच्याच खोलीत गिरणीवाले पाळी सुटली की ओळीनं जेवायला बसायचे. तिच्या मनात होती डिलाईल रोडची एक खोली. पागडी देऊन ती घ्यायची, आपल्याकडे जेवणारे कोकणातले आठ गडी तिथं ठेवायचे, आणि माणशी भाडं घ्यायचं. चाळमालकाचं भाडं देऊन जे हातात उरेल त्यातून माझी शाळेची फी. ते जमलं नाही तर मी नववीतून उठून पोळपाटाशी बसणार, हे घरात कुणी बोललं नव्हतं, पण मला ठाऊक होतं. आईलाही ठाऊक होतं. म्हणून ती मला भाकरी थापायला शिकवायचंच टाळायची.

ते दिवस मुंबई कुणाची यावरून सभा-मोर्चांचे. मामा त्याचाही मुद्दा करायचा. "उद्या मुंबई महाराष्ट्राला मिळाली नाही म्हणजे? तुझे गिरणीवाले पळाले म्हणजे? जमीन कुठं पळत नाही."

"मुंबई मिळायची तेव्हा मिळेल. पोरीची फी दर महिन्याला लागते."

झालं, खोली घेतली. मामा महिनाभर आमच्याकडे फिरकला नाही.

पहिले काही महिने झकास गेले. आठ गडी, वर माळ्यावर आठ ट्रंका. दिवसपाळीचे उठले की रातपाळीचे त्याच चटईवर आडवे. भाडं पगाराच्या दिवशी हातावर. आई खूश. पण शिमगा आला आणि आठातले पाच जण गावी गेले. शिमगा करून पुढे लग्नं, मग पेरणी, असं करत ते थेट आषाढातच परतायचे.

इथं आई चुकली होती. तिनं हिशोब खानावळीचा धरला होता. जेवणारा गावी गेला की त्याच्या पाटावर दुसरा बसतो. गिरणीतसुद्धा गेलेल्याच्या जागी बदली लागतो. पण खोलीचा रिवाज निराळा. गावी गेलेला भाडं देत नाही, आणि माळ्यावर त्याची ट्रंक आहे तोवर त्याची जागा त्याचीच. खोलीत बदली नाही.

तिघांचं भाडं तर चाळमालकालाच पुरं पडेना. आणि शाळेत फी भरल्याशिवाय वार्षिक परीक्षेला बसू देत नसत.

एका दुपारी आई मला घेऊन डिलाईल रोडला गेली. "ट्रंका खाली काढते," म्हणाली, "पाच नवे गडी बघून ठेवलेत." राहिलेल्या तिघांनी तिला चहा दिला, कुणी अडवलं नाही. आई स्टुलावर चढली. पहिलीच ट्रंक निघाली सगळ्यांत म्हाताऱ्या विणकराची, ज्याला आम्ही सगळे आबा म्हणायचो. वर दोरी बांधलेली, कुलूप नाहीच.

"काढ गो मावशे," त्यांच्यातला एक म्हणाला. "पण आबा परत येतलो तेव्हा निजतलो खंय?"

दुसरा मोर्च्यात ओरडतात तसा मूठ वर करून ओरडला, "आबाची ट्रंक माळ्यावर राहिलीच पाहिजे!"

आईला हसू आलं. हसता हसता ती स्टुलावरच बसली आणि पदर डोळ्यांना लावला. ट्रंक जागची हलली नाही. मी मात्र घरी येऊन आपणहून पीठ मळायला घेतलं, तर आईनं माझ्या हातावर चापट मारली. "पुस्तक घे आधी."

दुसऱ्या दिवशी ती आमच्या गल्लीतल्या मसालेवाल्याकडे गेली. मोसम मसाल्याचा, मिरच्या पसरायला, देठं खुडायला त्याला जागा पुरत नव्हती. पाच माणसांची मोकळी जमीन आमच्याकडे पडून होती. ट्रंका वर, मिरच्या खाली, आणि भाडं आगाऊ. तिघांना आधी विचारलं. ते म्हणाले, "पसर गो मावशे," आणि मिरच्यांच्या ठसक्यापायी दोन महिने जिन्यात निजले. जिना बरा, म्हणायचे, वारा तरी लागतो.

मामा ते बघायला आला आणि दारातच सात शिंका दिल्या. "ह्यापेक्षा मुलुंडला मिरच्या पेरल्या असत्यास तर!" म्हणाला, आणि त्या दिवसापासून अबोला संपला. ती जमीन त्यानं स्वतःच घेतली. आज तिथं त्याच्या नातवंडांची इमारत उभी आहे. आमच्या खोलीचं पुढे काही मोठं झालं नाही. मामा बरोबर बोलला होता, आईनंही नंतर ते कबूल केलं. "पण त्या चैत्रात मला शाळेत फी म्हणून गवत भरता आलं नसतं," एवढं ती जोडायचीच.

फी मीच नेऊन दिली. नोटा मोजताना शाळेतल्या कारकुनाला शिंका आवरेनात.

आषाढात आबा आला. दोरी सोडून ट्रंक उघडली, वरचं धोतर झटकलं आणि जो शिंकत सुटला तो थांबेचना. आई ओशाळून उभी. डोळे पुसत आबानं आधी माझ्याकडे बघितलं.

"पोरगी पास झाली मां?"

"झाली," आई म्हणाली.

"मगे येवंदेत शिंका," म्हणून त्यानं ते धोतर खुंटीला टांगलं.