कॅलेंडरवाल्यांचा काळा डबा

हजर कोण कोण होतं ते आधी सांगते. आमचे साहेब, म्हणजे सब-इन्स्पेक्टर. टेबलाला ठाणे अंमलदार. मी, महिला हवालदार. समोर बाकावर लालबागच्या एका छापखान्याचे मालक आणि त्यांच्याकडे कॉम्प्युटरवर काम करणारी बाई. मालकांचे वडील होते, ते नंतर येतील. नावं कुणाचीच सांगणार नाही. त्यातले काही अजून त्याच गल्लीत राहतात, मला बाजारात भेटतात.

दिवस खंडेनवमीचा. मला रिटायर होऊन चार वर्षं झाली, तरी तो दिवस मी विसरले नाही. नवरात्रात ठाणं रिकामंच असतं, सगळे बंदोबस्ताला. साडेदहाच्या सुमारास मालक आत आले. घामाघूम झालेले.

"साहेब, चोरी झाली. काळा डबा गेला."

अंमलदारानं विचारलं, "डब्यात काय होतं?"

"सगळं."

"सगळं म्हणजे? दागिने?"

"फाइली हो. कॅलेंडरांच्या."

"बुटाच्या खोक्याएवढा डबा सांगता. त्यात फाइली मावतात किती?"

"लाखभर तरी असतील."

अंमलदारानं माझ्याकडे बघितलं. सकाळी सकाळी कोण आलंय, असं त्याचं तोंड झालेलं. मग त्या बाईनं समजावलं. म्हणाली, "काका, त्या डब्यात तबकड्या असतात, हार्ड डिस्क म्हणतात त्या. आमचे सहाही कॉम्प्युटर वायरीनं त्याला जोडलेत. कॉम्प्युटरवर आम्ही काहीच ठेवत नाही, सगळं त्यात. बारा वर्षांच्या लग्नपत्रिका, जाहिराती, आणि नव्या वर्षाची कॅलेंडरं. ती आज संध्याकाळी छपाईच्या प्लेटा बनवायला जायची आहेत."

मी अडाणी बाई. मी विचारलं, "मग त्याची दुसरी प्रत नाही ठेवली?"

मालक ताठ बसले. "आहे ना बाई! दोन तबकड्या आहेत. एक बिघडली तर दुसरीवर तेच्या तेच सगळं."

"ती दुसरी कुठं असते?"

"त्याच डब्यात."

अंमलदारानं पेन खाली ठेवलं.

बाई हळूच बोलली, "तीन वर्षं सांगतेय, एक प्रत बाहेर ठेवा म्हणून."

"बघा साहेब!" मालक उठलेच. "हिलाच कशी काळजी? हिचंच नाव लिहा. पंधरा दिवसांपूर्वी राजीनामा दिलाय हिनं. कुलूप तुटलेलं नाही. चाव्या तिघांकडे. माझ्याकडे, हिच्याकडे, माझ्या बाबांकडे."

साहेब म्हणाले, "वडिलांना विचारलं?"

"बाबांना? ते सकाळी सहाला येऊन मशिनींची पूजा करून गेले, दरवर्षी करतात. त्यांना यातलं काही कळवू नका, हात जोडतो. बीपी आहे त्यांना. चोरी ऐकली तर जातील."

बाई रडली नाही. एवढंच बोलली, "साहेब, विमानतळावर नोकरी लागलीय मला. पोलीस पडताळणीचा कागद बाकी आहे. संशयित म्हणून नाव लिहिलंत, तर ती गेली. आणि इथली तर मी सोडलेलीच आहे."

साहेबांनी मला खूण केली, हिचा जबाब घे.

इथं माझं थोडं सांगते. माझा नवरा पोलिसात होता. तो ड्युटीवर असताना वारला, त्याच्या जागी मला घेतलं. दहावी मी रात्रशाळेतून काढली, तीपण दुसऱ्या खेपेला. वरळीच्या बीडीडी चाळीत एका खोलीत सासरे, दोन पोरं आणि मी. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मुद्देमालाच्या कपाटाची चावी हरवली आणि नाव माझं घेतलं. नवीन होते, विधवा होते, आणखी कुणाचं घेणार? तीन महिने माझ्या डब्यातली भाजी कुणी घेतली नाही. मी रोज जास्तीची नेत होते आणि रोज परत आणत होते. पोरं म्हणायची, आई, पुन्हा गवारच का? मग एक दिवस चावी धोब्याकडून आली, त्या वेळच्या साहेबांच्या पँटीतून. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी भाजी घेतली. बोललं कुणीच काही नाही. मीही नाही बोलले. पोरं वाढवायची होती.

तर मी त्या बाईला आतल्या खोलीत नेलं. चहा दिला. चोरी केलेला माणूस चहा एकतर गटागटा पितो नाहीतर शिवत नाही. हिनं फुंकून फुंकून प्यायला.

"काल संध्याकाळपासून कुठं होतीस?"

"घरी. परळला."

"कुणी पाहिलं?"

"सासूनं."

"मग तिला बोलावते."

"नको हो. ती माझ्याविरुद्धच सांगेल."

"चोरी केली म्हणून?"

"नाही, भाजीत मीठ कमी होतं म्हणून. तिथूनच सुरुवात करेल, चोरीपर्यंत यायला दुपार होईल."

मला हसू आलं, दाबलं. बाहेर येऊन साहेबांना म्हटलं, "साहेब, गुन्हा लिहायच्या आधी जागा बघून येते. अर्धा तास द्या." साहेब म्हणाले, "जा. फक्त डायरीत नोंद करून जा."

छापखान्यात गेले. सगळ्याला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. छपाईचं मशीन, कटर, सहा कॉम्प्युटर, कात्री, पंचिंग मशीन, पाण्याचा कूलर. वॉचमनच्या स्टुलालापण कुंकू लावलेलं. पूजा करणाऱ्यानं काही म्हणजे काही सोडलं नव्हतं. डब्याच्या फळीवर फक्त धुळीत एक चौकोन.

चोर वायर हिसकतो. इथं वायरीची नीट गुंडाळी केलेली, आणि ती हाराच्या दोऱ्यानं बांधलेली. प्लगवर लाल बोट उमटलेलं. कुंकवाचं. मी दोऱ्याची गाठ बघितली आणि तिथंच स्टुलावर बसले. बारीक, चपटी गाठ. साच्यावर, म्हणजे गिरणीतल्या मागावर, तुटलेला धागा जोडायला बांधतात ती. माझे सासरे चाळीस वर्षं गिरणीत साच्यावर होते, पोरांच्या चड्डीची नाडीपण तसलीच बांधायचे. सुटता सुटायची नाही.

मी मालकांना फोन लावला. "तुमचे बाबा कुठल्या खात्यात होते?"

"कुठल्या म्हणजे? गिरणीत, साचेखात्यात. का?"

"काही नाही. पत्ता द्या."

दोन गल्ल्या सोडून चाळ. दुसरा मजला. म्हातारबाबा बनियनवर पेपर वाचत बसलेले. मागे देव्हाऱ्याशेजारी पाटावर काळा डबा. अंगावर झेंडूचा हार, पुढ्यात नारळ, उदबत्ती चालू. मी वर्दीत, म्हणून ते उठले.

"येवा बाय. वर्गणी दिली हां मी."

"वर्गणी नको बाबा. हा डबा कुणी आणला?"

"मीच. कित्याक?"

"का आणला?"

"झिलाक विचारलं, तुझ्या कारखान्याचा जीव खंय? तर म्हणता, बाबा, त्या डब्यात. बाकी जळलं तरी चालात. आता जीव तो, आणि ठेवलो खंय? चपलांच्या वरच्या फळीर! म्हटलं वर्षाचो एक दिवस तरी देवाच्या बाजूक बसांदे."

"सांगून आणायचा ना."

"पूजा काय सांगून करतत? आणि फोन केलोच मी. कोण धड बोलाक नाय. 'बाबा, सगळं ठीक आहे, तुम्ही पडा,' म्हणान ठेवतत."

"धुतला नाहीत ना?"

"खुळो काय मी? पुसलंय. खोबरेलाचो हात फिरवलंय नुसतो."

मी ठाण्यात कळवलं. पंधरा मिनिटांत साहेब, मालक, बाई, तिघं जिना चढून वर. साहेब डब्याला हात लावायला गेले तर बाबा आडवे आले. "पुजलेलं हत्यार आज हलवूचा नाय आणि चालवूचा नाय. उद्या सोनं वाटून झाला की नेवा."

मालक रडकुंडीला आले. "बाबा, प्लेटा आज जायच्या आहेत!"

"गिरणीत आजच्या दिवशी माझ्या साच्याक हात लावीत नव्हतंव आम्ही. मॅनेजर उभो रवान बघी."

साहेब वर्दीतले, पण पुजेपुढं काय करणार? माझ्याकडे बघायला लागले. मी बाबांजवळ खाली बसले. म्हटलं, "बाबा, हा डबा छापतो का?"

"नाय."

"कापतो? शिवतो?"

"नाय."

"मग करतो काय?"

बाबांनी बाईकडे बघितलं. ती बोलली, "काही नाही बाबा, नुसतं ठेवतो. आम्ही मागितलं की देतो."

"म्हणजे कपाट," मी म्हटलं. "हत्यार नाही. कपाटाचं दार आज कुणी बंद ठेवतं का?"

म्हातारबाबांनी उदबत्ती डब्यापुढून बाजूला सरकवली. मग म्हणाले, "म्हणजे मी सकाळपासून कपाटाक ओवाळतंय?"

साहेबांनी तोंडावर रुमाल धरला.

बाबांनी हार स्वतः काढला, डबा उचलून बाईच्या हातात दिला. तेलकट होता, तिनं पदरात धरला. ती डबा उलटसुलट करून बघत होती तेव्हा बाबांनी विचारलं, "एका कपाटासाठी पोलीस कित्याक इले?" मालक जिन्याकडे बघायला लागले. मीच सांगितलं. हिचं नाव चोर म्हणून दिलंय, हिची नोकरी जाणार होती.

बीपीचं काही झालं नाही. बाबा लेकाकडे वळून एवढंच म्हणाले, "हिच्या पाया पड. नाय तर पुढच्या खंडेनवमीक मी तुकाच पाटार बसवतलंय." मालकांनी हात जोडले. बाई म्हणाली, "राहू दे. आधी चालतोय का बघू." दुपारी चालू झाला. खोबरेलाचा वास येत होता म्हणे आठवडाभर. कॅलेंडरं संध्याकाळी प्लेटांना वेळेत गेली.

गुन्हा दाखल झाला नाही. डायरीत मी लिहिलं, वस्तू घरीच मिळून आली, तक्रार नाही. पडताळणीचा तिचा कागद पुढच्या महिन्यात आला तेव्हा तिच्या नावापुढं लिहायला काही नव्हतं. ती विमानतळावर लागली. जायच्या आधी तिनं दुसरी प्रत करून बाबांच्या घरी ठेवली, पलंगाखालच्या ट्रंकेत.

मला या केसमधून एवढंच कळलं, की घाबरलेला माणूस वस्तू शोधत नाही, नाव शोधतो. आणि नाव नेहमी त्याचंच सापडतं, ज्याच्या मागं कुणी उभं नसतं. मालक काही वाईट नव्हते. माझ्या चावीच्या वेळचे साहेबपण वाईट नव्हते.

वाचणाऱ्यांना हात जोडून एक मागते. कधी ठाण्यात आलात आणि टेबलावरच्यानं विचारलं, कुणावर संशय आहे का, तर नाव घ्यायच्या आधी घरच्या प्रत्येकाला एक फोन करा. ज्याला त्रास नको म्हणून सांगितलं नाही, त्याला पहिला.