मूळ नसलेला दात

कवळीवाल्या काकांनी तीस वर्षांत जेवढे दात हाताळले, तेवढे एखाद्या गावाच्या तोंडातही नसतील. दातांचे डॉक्टर जबड्यांचे ठसे पाठवत आणि काका मागच्या खोलीत प्लॅस्टर ओतून, मेण वितळवून गुलाबी हिरड्यांची कवळी घडवत. रस्त्यात कुणी हसलं, की ते आधी दात ओळखत, मग माणूस. "वरचे आपले," असं मनात म्हणून पुढे जात.

अशा माणसाची एका सकाळी दातखीळ बसली, तीही तांदळाच्या दाण्याएवढ्या दातापायी.

दात बटणाचा होता. बटण म्हणजे लेकीच्या कुत्र्याचं साडेचार महिन्यांचं नव्हे, तर लेकीनं पाळलेलं कुत्र्याचं साडेचार महिन्यांचं काळंभोर पिल्लू. काकूंना जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यानंतर या घरात कवळ्या घासायच्या यंत्राशिवाय कुणी आवाज केला असेल, तर तो बटणानं. लेक कामासाठी आठ दिवस बाहेरगावी गेली होती आणि आज चार वाजता परतणार होती. जाताना तिनं एकच बजावलं होतं, "बाबा, त्याच्याशी ओढाओढ खेळू नकोस. तुला भान राहत नाही."

सात दिवस भान राहिलं. आठव्या दिवशी बटणानं एप्रनचा बंद तोंडात धरला, काकांनी दुसरं टोक धरलं आणि साठीचे गृहस्थ गुरगुरत गुडघ्यांवर आले. एक हिसका बसला. बटण केकाटलं. बंदावर रक्ताचा ठिपका, फरशीवर दात.

काकांनी डोळ्याला भिंग लावलं. दाताला मूळच नव्हतं.

दुसरा कुणी असता तर थोडा घाबरून चहा प्यायला असता. काकांची पंचाईत अशी, की ते जाणकार होते. दात म्हटला की मूळ आलंच; हातात आलं नाही, म्हणजे आत राहिलं. आत राहिलेलं मूळ सडतं, पू होतो, जबडा सुजतो. कुत्र्याच्या पिल्लालाही दुधाचे दात असतात, हे मात्र या जाणकाराच्या गावीही नव्हतं.

जनावरांच्या दवाखान्यात फोन केला, तर पाचनंतर या म्हणाले. तेवढ्यात लेकीचाच फोन आला.

"बटण काय करतंय?"

"बसलंय."

"खाल्लं का त्यानं?"

काकांनी भरलेल्या वाटीकडे पाहिलं. "खाईल की. घाई काय आहे."

"तुझा आवाज असा का येतोय?"

"प्लॅस्टर गेलंय घशात."

फोन ठेवला आणि भीतीनं त्यांना एक अचाट कल्पना सुचवली. चारच्या आत हुबेहूब दात करून बसवायचा. मेण कोमट केलं, बटणाच्या तोंडात धरलं. बटणानं ते आनंदानं चावलं. मेण बाहेर आलं, त्यात सुरेख ठसा होता आणि ठशात रुतलेला आणखी एक दात. यालाही मूळ नव्हतं.

हुबेहूब दाताचा बेत तिथंच संपला. सगळं साहित्य बाजूला सारून ते फरशीवर बसले, बटणाला मांडीत घेतलं आणि दर पाच मिनिटांनी त्याचा जबडा चाचपत राहिले. सूज आली का? मघापेक्षा गरम लागतोय का? बटण प्रत्येक वेळी बोट चाटायचं आणि काकांना वाटायचं, बिचारं निरोप घेतंय.

चारला लेक आली तेव्हा ते कवळीच्या डबीत दोन दात घेऊन दारातच उभे होते.

"मी तोडले. मुळं आत राहिलीत. पाचसाठी गाडी सांगून ठेवलीय. काय बोलायचं ते गाडीत बोल."

लेकीनं पिशवी ठेवली, बटणाचा ओठ वर केला. "बाबा, हे पांढरं टोक बघ. नवा येतोय. दुधाचे पडतात त्याचे."

"ते तुटलेलं मूळच आहे. तू मला दात शिकवू नकोस."

ती आईच्या कपाटाकडे गेली आणि पावडरचा एक जुना चपटा डबा घेऊन आली. आत कापसावर छोटे छोटे दात होते.

"माझे. आईनं ठेवलेत."

काकांनी भिंग लावलं. एक उचलला, दुसरा, तिसरा. एकालाही धड मूळ नव्हतं. ही पोर दात पाडत होती तेव्हा ते भिंतीपलीकडे म्हाताऱ्यांच्या कवळ्या घासत होते.

"आतल्या आत विरघळतं ते मूळ. मग दात सुटतो," ती म्हणाली. "तू खरंच कधी बघितले नाहीस?"

काका मोजत होते. "एकोणीसच आहेत. विसावा कुठाय?"

"एक मी गिळला होता. दोन दिवस रडून घर डोक्यावर घेतलं होतं."

"मला कुणी सांगितलं नाही ते?"

"आई म्हणाली, त्यांना नको सांगूस. ते घाबरतील."