साळूबाईचं जुनं लुगडं आन नातीची सुई

हिर्डोशीत साळूबाईसारखी धीराची बाई न्हाई, असं खुद्द साळूबाईच सांगती. म्हस अडली तर कोपरापतूर हात घालून रेडकू वडून काढंल. खाचरात साप निघाला तर काठीवर उचलून बांधापल्याड टाकंल. पन सुई दिसली की ही चार पावलं मागं सरती. गोधडी शिवाया बसली तर दोरा ओवायला नवऱ्याला, सोनबाला हाक मारती. वर म्हनती, "आता दिसत न्हाई बया." दिसतं समदं!

घरात पैली नात आली, वैष्णवी. दीड महिन्याची झाली तवा अंगनवाडीत डोस व्हता. आमच्याकडं रीतच हाय, टोचताना आईनं तोंड फिरवायचं आन आजीनं पोर धरायचं. आईचं काळीज कवळं, आजीचं घट्ट. साळूबाई ऐटीत मांडी घालून बसली. पोरीच्या एका मांडीत सुई गेली, तिनं किंकाळी फोडली, आन हे घट्ट काळीज पोरीला पदराखाली घिऊन जे पळालं ते थेट एस्टीच्या थांब्यावर! एस्टीला अजून लई येळ व्हता. कुठं चालली व्हती, तिचं तिलाच ठावं न्हाई. दुसरी सुई ऱ्हायली ती ऱ्हायलीच.

सून नूतन किकवीची. भांडली न्हाई. दुपटी घडी घालता घालता म्हनली, "आत्या, पुढच्या खेपेला असं झालं तर मी पोरीला घिऊन माहेरी जाईन. समदे डोस तिकडंच घेईन, मगच येईन."

समदे डोस व्हईस्तवर पोरगी चालाया लागंल. साळूबाईला भाकर ग्वाड लागंना.

सोनबा म्हनला, "तू घरीच बस की."

"मंग पोरीला धरंल कोन?"

"मागल्या येळला धरलंस तेवढं बास झालं!"

तरीबी पुढल्या डोसाच्या दिवशी गेलीच. पोरीला गुंडाळाया जुनं मऊ लुगडं घेतलं काखेत. अंगनवाडीच्या वट्यावर नर्सबाई सारिका सुया मांडून बसल्याली. साळूबाईनं हात पुढं केलं तशी ती म्हनली, "आज बाळ आजीकडे नाही. आईनं मांडीवर घ्यायचं, आधी पाजायला सुरुवात करायची, मग मी टोचणार. टोचून झालं तरी पाजत राहायचं. बाळाला कमी दुखतं."

"आन ठसका लागून दूध नाकात गेलं म्हंजी?"

"नीट प्यायला लागू द्यायचं, मग टोचायचं. नाही लागत ठसका."

नूतन बसली, पन अवघडली. समोरच एस्टीची वाट बघत बापय मानसं बसल्याली. पदर सारखा करस्तवर पोरीनं तोंड लावलं आन सोडलं. परत लावलं, परत सोडलं. पोरगी कुरकुरली. नूतननं सासूकडं बघितलं. साळूबाईला त्या नजरंत सरळ किकवीची एस्टी दिसली.

तिनं काखेतलं लुगडं झटाकलं, दोन्ही टोकं धरली, आन सुनंपुढं आडवी हुबी ऱ्हायली. सुईकडं पाठ, मानसांकडं तोंड.

"ए बंडू! तिकडं डोंगराकडं बघ. हितं काय तमाशा लागलाय?"

समदी डोंगराकडं बघाया लागली. साळूबाईचं दोन्ही हात लुगड्यात गुतलं. आता पोरीला उचलायचं तर लुगडं सोडावं लागनार, आन लुगडं सोडलं तर सून उघडी पडनार! आपनच आपल्याला बांधून घेतलं, असं मनात म्हनली आन डोळं गच्च मिटलं. मागून पोरीचा पियाचा आवाज याया लागला. नर्सबाई म्हनली, "टोचते हं."

आन मंग "आई गं!" असा वरडा उठला.

"टोचलं वाटतं," बंडू म्हनला.

टोचलं व्हतं पोरीला, वरडली व्हती साळूबाई. पोरीनं निस्तं "ऊं" केलं, जरा थांबली आन परत पियाला लागली. मागं ऱ्हायलेली सुई बी झाली.

नर्सबाई हसून म्हनली, "आजी, आता तुमच्यासाठी तुमची आई कुठून आणू?"

"आत्या, सोडा आता लुगडं," नूतन म्हनली.

साळूबाई लुगडं सोडंना. डोळं बी उघडंना. "आदी सांग, माहेरी जातीस का?"

"जाईन की. दिवाळीला. चार दिस."

तेवढ्यात पलीकडनं दुसऱ्या पोराच्या आईनं हाक मारली, "मावशी, हिकडं बी धरा की आडोसा!"

साळूबाई गेली. तिथं बी सुईकडं पाठ करून हुबी ऱ्हायली, आन तिथं बी तीच आदी वरडली.