पार्वताबाईच्या लवकीले माझी नजर

गेल्या उन्हाळ्यात मी रोज सकाळी नेमानं शेजारणीच्या लवकीले, म्हणजे दुधी भोपळ्याले, नजर लावाले जात होतो.

खोटं काऊन सांगू? माझी बुढी, म्हणजे बायको, त्याच्या आधीच्या पावसाळ्यात गेली. मागची वाडी तिच्याच हातची. आढ्याले टांगलेला, वाळल्या लवकीचा तिचा बियाचा तुंबा पाह्यला तर रिकामा! बाजारातून पुडी आणून पेरली. आंघोळीचं पाणीसुद्धा झाडाले टाकलं (म्हणून आंघोळ तरी होत होती!). तरी वांगी वाळली, मोगऱ्याची काडी झाली, अन् लवकीच्या वेलाले फळ एकच, अंगठ्याएवढं. कुंपणापलीकडं पार्वताबाईच्या मांडवाले अठरा! ज्या उन्हात वाघ पाण्यातून उठत नाई, त्या उन्हात हिच्या लवक्या मजेत लटकून राह्यल्या!

नजर लावाची तर तोंडभरून कौतुक करा लागते, हे आमच्या गावात सगळ्यायले ठाऊक आहे. मांडवाखाली उभा राहून म्हटलं, "बापा बापा! काय लवक्या आल्या व बाई! अशा कुठीच पाह्यल्या नाई!"

"बसा भाऊ, चहा घ्या."

चहा पेलो. दुसऱ्या दिवशी लवक्या वीस! आणखी जोरात कौतुक केलं, तर पोहे आले. पंधरा दिवसांत तिच्या लवक्या तीस झाल्या अन् माझा सदरा पोटावर तंग!

घरच्या लवकीजवळ मी दुपारभर बसून राहत होतो. "काय गोड दिसून राह्यली माझी बाई!" ती पिवळी पडली अन् गळली. म्हणजे नजर पक्की होती, पत्ता चुकला!

शेवटी चिडून विचारलं, "बाई, बी कुठचं व हे?"

"तुमच्याच घरचं, भाऊ. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी वयनीनं सगळं आणून देल्लं."

"मले काऊन नाई देल्लं?"

"म्हणे, ह्यायच्या हातानं काईच जगत नाई."

तीस लवक्यांनी जळलो नाई, तेवढा त्या बियानं जळलो. बुढीनं जाताजाता भरवसा टाकला, तोही शेजारणीवर!

पार्वताबाईनं वेलावरच वाळलेली एक लवकी मले बियासाठी देल्ली. ती तुंब्याच्या जागी टांगली आहे. तिच्याकडं पाठ करून जेवतो. कौतुक तर चुकूनही करत नाई. फारच पाहावंसं वाटलं, तर शिव्या देत पाहतो.

बुढीलेही तसंच पाहत होतो. चाळीस वर्षं टिकली!