उलथन्यांना बांधलेल्या चिंध्या

चाळीस वर्षं ज्या माणसाबरोबर संसार केला, त्याला वाटतं की माझं सगळं त्याला ठाऊक आहे. हे ठाऊक नाही. मुलाला नाही, माझ्या सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर सांगितलं नसतं, हेही आधीच कबूल करते.

गोष्ट उलथन्यांची आहे. हसू आलं तर हसा. मलाही सुरुवातीला ती तेवढीच वाटली होती.

आमच्या सोसायटीतल्या नव्यानं संसार मांडलेल्या मुली माझ्याकडे येतात. काकू, धिरडं तव्याला चिकटतं, काय करू? नॉनस्टिकला स्टीलचं उलथनं चालतं का? मी त्यांना नीट समजावून सांगते, कुठल्या तव्याला काय, कशाला लाकडी, कशाला पातळ पात्याचं. एकदा त्यांच्यातल्या एकीनं विचारलं की हे सगळं तुम्हाला शिकवलं कोणी. सासूबाईंनी, मी म्हटलं. ते खरंच आहे. पण त्यांनी मला ते का शिकवलं — थांबा. इतक्यात नाही सांगता येणार मला. सुरुवातीपासून सांगते.

मी शुक्रवार पेठेत वाढले आणि लग्न होऊन धायरीला आले. तेव्हा धायरी गावच होतं. सासरची शेती होती, पुढे थोडी विकून रस्त्याच्या कडेला बंगला बांधला होता. घरात हे, माझे मिस्टर, आणि सासूबाई. सासरे आधीच गेलेले. नणंद सुमन लग्न होऊन मार्केट यार्डाजवळ राहायला गेलेली, तिच्या घरी कांद्याचा व्यापार. या घरात सासूला आत्या म्हणायची रीत होती, म्हणून मीही आत्याच म्हणायचे.

आत्या शाळेत गेल्या नव्हत्या. उंच, हडकुळ्या, नऊवारी लुगडं, आवाज कधी चढायचा नाही. गॅसच्या ओट्यामागे भिंतीत त्यांनी पाच खिळे ठोकून घेतले होते आणि त्यांवर पाच वस्तू टांगलेल्या असत: भाकरीचं जाड उलथनं, धिरड्या-थालीपिठांचं पातळ उलथनं, लाकडी कालथा, झारा, पळी. कुठल्या खिळ्यावर काय हे ठरलेलं. तव्यावरची नजर न काढता हात मागे जायचा आणि नेमकी हवी ती वस्तू घेऊन यायचा. मी कित्येकदा नुसती बघत उभी राहायचे.

त्यांनी मला छळलं का? नाही. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण तुम्ही मनातल्या मनात माझ्यासाठी एखादं कारण शोधायला लागला असाल. त्या मला कधी टाकून बोलल्या नाहीत. माहेरी जायला अडवलं नाही. फक्त एक होतं. मी तव्यापाशी उभी असले आणि काही बिघडायला लागलं की त्या शेजारी येऊन उभ्या राहायच्या, “आण हिकडं” म्हणायच्या, आणि माझ्या हातातलं उलथनं काढून घ्यायच्या. बस, एवढंच. रागानं नाही, टोमणा मारून नाही. रस्ता ओलांडताना लहान मुलाच्या हातातली पिशवी घेतो ना आपण, तसं.

नऊ वर्षं.

मुलगा झाला तेव्हा मी ऑफिसातली टायपिस्टची नोकरी सोडली होती. घरच माझं असेल, असं वाटलं होतं. पण घर आत्यांचं होतं, आणि त्यांना ते कोणाला बजावून सांगावंही लागत नव्हतं.

एकदा माझे वडील जेवायला आले होते. त्यांना थालीपीठ आवडायचं म्हणून मी मुद्दाम करायला घेतलं. पहिलं तुटलं, दुसरंही तुटलं. आत्या आल्या, आण हिकडं, आणि पुढची पाच अख्खी, खरपूस, गोल पानात गेली. वडील हसत म्हणाले, “विहीणबाई, हिला जरा शिकवा. आमच्याकडून राहूनच गेलं.” सगळे हसले. आत्याही हसल्या. मी पाणी वाढत होते. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं — आणि तरी त्या दिवशी माझ्या आत काहीतरी बसलं, ते बसलंच.

पुढचं पहिल्यांदा चुकून झालं. शपथेवर सांगते. भांडी घासून मी खिळ्यांवर टांगली ती घाईत अदलाबदल झाली. संध्याकाळी आत्यांचा हात नेहमीसारखा मागे गेला आणि उलथन्याऐवजी झारा घेऊन आला. त्या झाऱ्याकडे बघत राहिल्या. तव्यावर भाकरी करपायला लागली. दारात हे उभे होते. आत्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, “म्याच टांगला व्हय हितं?”

मी टांगला होता. तोंड उघडून दोन शब्द बोलायचे होते. मी बोलले नाही. का नाही बोलले? यांनी त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर नऊ वर्षं फक्त माझ्याकडे वळायची. ती पहिल्यांदाच दुसरीकडे वळली होती.

दुसऱ्यांदा मी मुद्दाम केलं.

किती वेळा? मोजलं नाही. मोजलं नाही म्हटलं की कमी वाटतं. तर सांगते, वर्षभर. रोज नाही, दहा-पंधरा दिवसांनी. त्यांना सावरायला वेळ मिळेल, पण विसरायला मिळणार नाही, इतकंच अंतर ठेवून. कधी पळी झाऱ्याच्या जागी. कधी पातळ उलथनं पिठाच्या डब्यात. एकदा तर फ्रिजमध्ये, दह्याच्या पातेल्यामागे. ते यांनाच सापडलं. “आई, अगं फ्रिजमध्ये उलथनं?” आत्या हसल्या. मग हसायच्या थांबल्या आणि हात पदराला पुसत राहिल्या. त्यांचे हात कोरडे होते.

यांनी त्यांना डॉक्टरकडे नेलं. मीही बरोबर होते. डॉक्टरांनी विचारलं, आज तारीख काय? आत्या म्हणाल्या, तिथी सांगू का? डॉक्टरांना तिथी नको होती. शंभरातून सात वजा करायला सांगितले. त्यांनी भेदरून माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. डॉक्टर म्हणाले, वय झालं की असं होतं, हळूहळू वाढेल. त्यांना गॅसपाशी एकटं सोडत जाऊ नका.

हेच वाक्य मला हवं होतं. कोणीतरी मोठ्या माणसानं, टेबलाच्या पलीकडून म्हणायला हवं होतं. आता थांबता आलं असतं. थांबायलाच हवं होतं, नाही का?

इथपर्यंतचं सांगणं मला जड गेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. मनातल्या मनात मी ते पुष्कळदा सांगितलं आहे. यापुढचं मनातसुद्धा नाही.

डॉक्टरकडून आल्यावर आत्यांनी एक जुनं लुगडं आणि दोन-तीन ब्लाउजपिसांचे तुकडे काढले. त्यांच्या पट्ट्या फाडल्या. पाच वस्तूंच्या दांड्यांना पाच रंगांच्या चिंध्या बांधल्या आणि खिळ्यांनाही त्याच रंगांच्या. लाल चिंधीचं उलथनं लाल चिंधीच्या खिळ्यावर, हिरव्याचं हिरव्यावर. कोणाला काही विचारलं नाही. दोन दिवस त्या ओट्यापाशी उभ्या राहून हलक्या आवाजात घोकत होत्या. लाल जाड, हिरवं पातळ. लाल जाड, हिरवं पातळ. सत्तरीला आलेली बाई, पहिलीतल्या पोरीसारखी.

आणि जमलं त्यांना. चिंध्यांमुळे एकही चूक होईना. पंधरा दिवस गेले. चेहऱ्यावर पुन्हा रंग आला. एकदा मी पिठलं हलवत होते, गुठळ्या व्हायला लागल्या, तशा त्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. आण हिकडं.

त्याच दिवशी दुपारी त्या आतल्या खोलीत आडव्या झाल्या होत्या. हे बाहेर गेलेले, मुलगा शाळेत. मी जाड उलथन्याची लाल चिंधी सोडवून पातळ उलथन्याला बांधली आणि पातळ उलथन्याची हिरवी जाड उलथन्याला. आत्यांनी गाठी फार घट्ट मारल्या होत्या. नखांनी सुटेनात. मी दातांनी सोडवल्या. त्या कापडाला धुण्याच्या साबणाचा वास होता, तेलाचा होता, आणि थोडा त्यांचा. आपण काय करतो आहोत हे मला कळत होतं. गाठ पहिल्यासारखीच दिसावी म्हणून मी ती तिसऱ्यांदा बांधली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तवा ठेवला, भाकरी थापून टाकली, लाल चिंधीचं उलथनं घेतलं. हातात येताच त्यांना कळलं असणार. इतक्या वर्षांचा हात, वजन कळणारच. त्या चिंधीकडे पाहत राहिल्या. मग पात्याकडे. मला वाटतं त्यांनी चिंधीवर विश्वास ठेवायचं ठरवलं, स्वतःच्या हातावर नाही. ते पातळ पातं त्यांनी भाकरीखाली घातलं. भाकरी मधोमध मोडली, अर्धी तव्यावर, अर्धी ओट्यावर.

त्यांनी गॅस बंद केला. हात धुतले. म्हणाल्या, “शैला, आता तू बघ. माझ्या हातात ऱ्हायलं न्हाई.” आणि बाहेर पडवीतल्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

स्वयंपाकघर माझं झालं.

दोन दिवसांनी त्यांनी मला हाक मारली. पाचही वस्तू घेऊन ये म्हणाल्या. मला वाटलं, आत्यांना कळलं. पण त्या म्हणाल्या, “समदं इसरायच्या आत तुला सांगून ठेवते.” चार-पाच दुपारी त्यांनी मला शिकवलं. भाकरीला जाड आणि रुंद पातं, कारण ओली भाकरी मधून उचलून धरावी लागते, कडेला धरली की मोडते. धिरड्याला पातळ, लवणारं, म्हणजे ते कडेखाली आपोआप शिरतं. आणि कड सुटल्याशिवाय घाई करायची नाही. थालीपिठाला तेच, पण पातं तव्यावर आधी तापवून घ्यायचं. कल्हईच्या पातेल्यात लोखंड कधी घालायचं नाही, कल्हई खरवडून पोटात जाते, तिथे लाकूडच. पिठल्यालाही लाकूड, त्यानं बूड कळतं, लागायला आलं की हाताला सांगतं. एकेक वस्तू त्या माझ्या हातात द्यायच्या आणि माझी बोटं दांड्यावर नीट बसवायच्या. त्यांची बोटं गार असायची. शिकवताना एकदाही अडखळल्या नाहीत. एक शब्द चुकला नाही.

त्यानंतर त्या सहा वर्षं जगल्या. ओट्यापाशी आल्या नाहीत. पाणी हवं असलं तरी दारातून विचारायच्या, “घेऊ का गं?” देवळात एकट्या जायच्या बंद झाल्या, वाट चुकेल म्हणून. जन्मभर ज्या गावात राहिल्या, तिथली वाट. खुर्चीवर बसून त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या की समोरच्या बिल्डिंगखाली कोणाची विहीर होती, त्या पलीकडे कोणाचं चिंचेचं झाड, कुठल्या वर्षी कोणाची म्हैस बांधावरून पडली. सगळं अचूक. हे पाहुण्यांना म्हणायचे, या आजारात असंच असतं, जुनं आठवतं आणि नवं राहत नाही. पाहुणे मान हलवायचे. मी चहा द्यायचे.

त्यांना कळलं होतं का? मी ते त्यांच्या चेहऱ्यावर शोधत राहायचे. कधी वाटायचं, कळलं आहे आणि गप्प आहेत. खरं सांगू? मला तेच हवं असायचं. मग त्या तशाच नजरेनं मला विचारायच्या, आज भाजीत मीठ म्या घातलं का तू?

एका सकाळी त्या उठल्याच नाहीत. तेव्हा मी रडले. ते रडणं खोटं नव्हतं. असतं तर बरं झालं असतं.

आता तुम्ही म्हणाल, इतकी वर्षं झाली. आत्या नाहीत, तो बंगला पाडून सोसायटी झाली, मग आता कोणाचं काय जातं?

गेल्या महिन्यात सुमनचा फोन आला. तिची पर्स दुकानात राहिली होती. त्याआधी दोनदा किल्ली सापडली नव्हती. आमच्या वयात कोणाचं होत नाही असं? पण ती रडत होती. “वहिनी, आईचं असंच सुरू झालं होतं ना?” तिच्या मुलानं मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली. ती म्हणाली तू बरोबर चल, आईचं सगळं तूच केलंस, तुलाच माहीत.

मी गेले. छोटी खोली होती, डॉक्टर तरुण, बोलायला चांगले. त्यांनी सुमनला विचारलं, घरात आधी कोणाला हा त्रास होता का? ती म्हणाली, आईला होता. मग माझ्याकडे वळली. माझा हात तिनं धरलेलाच होता.

डॉक्टरांनी मला विचारलं, साधारण कितव्या वर्षी सुरू झालं त्यांचं?

सुमन माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, “अडुसष्टाव्या वर्षी.”

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.