प्रसंग क्रमांक चार

कोकिळाताईंचा जबडा तीन ठिकाणी मोडलेला आहे आणि उजव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत. जबड्यात धातूची पट्टी बसवल्यापासून भाकरी चावताना कट् असा आवाज येतो. त्यांच्या गावी, असोद्यात, त्यांच्या पंगतीला बसणाऱ्यांना त्याची सवय झाली आहे. एखादी नवी सून असली तर तेवढी दचकते.

ही हाडं मोडली जळगावच्या एका खाजगी दवाखान्यात, वैशाखातल्या भर दुपारी. कोकिळाताई तेव्हा तिथल्या अपघात विभागाच्या मुख्य सिस्टर होत्या. नव्या मुलीला त्या पहिल्या दिवशी दोनच गोष्टी शिकवत. एक, वेणी आत खोचायची, कारण माणसं पहिला हात वेणीलाच घालतात. दुसरी, गर्दी बिथरली की औषधांच्या खोलीत शिरायचं, आतून कडी घालायची आणि मी नावानं हाक मारल्याशिवाय ब्रह्मदेव आला तरी उघडायची नाही. इंजेक्शन कुठं टोचायचं ते नंतर.

त्या दुपारी केळीच्या ट्रकनं एका मोटारसायकलला उडवलं होतं. पोरगा आणला तेव्हाच संपला होता. डॉक्टरांनी नाडी पाहिली, मग सोबतच्या गर्दीकडे पाहिलं आणि ‘आलोच’ म्हणून मागच्या दारानं जे निघाले ते, लोक सांगतात, भुसावळ आल्यावरच थांबले. सांगायचं काम कोकिळाताईंवर आलं. त्यांनी सांगितलं आणि नियमाप्रमाणे नोंद करायला पेन उचललं. तेवढंच चुकलं.

मयताचा थोरला भाऊ नवल समोर उभा होता. तो ओरडला नाही. हळूच म्हणाला, “मना भाऊ मरी गया, आन् तुमी कागद भरी राहयनात?”

आणि त्यानं सलाईनचा स्टँड उचलून पेन धरलेल्या हातावर घातला. बोटं मोडल्याचा आवाज ताईंना दुखण्याच्या आधी ऐकू आला. मधे पडलेल्या नईम वॉर्डबॉयला चौघांनी उचलून काचेच्या कपाटात फेकलं. त्याचा अर्धा कान काचेलाच राहिला. खुर्च्या उडाल्या, खाटा उलटल्या, कुणीतरी ताईंच्या पोटात लाथ घातली. मग नवलच्या हाताला ऑक्सिजनच्या सिलिंडरचा लोखंडी पाना लागला. तो जबड्यावर बसला तेव्हा दोन दात फरशीवर टिचकी मारल्यासारखे उडाले. ताई रांगत औषधांच्या खोलीपर्यंत पोचल्या आणि तळहातानं दार बडवू लागल्या. आत रूपा होती, धुळ्याहून नुकतीच आलेली पोरगी. दार उघडलं नाही. पोलिस येईपर्यंत त्या दाराशीच मार खात राहिल्या.

खटला अजून चालू आहे. तारखेला नवल भेटला की खाली मान घालून ‘राम राम अक्का’ म्हणतो. त्याला ताईंनी मनातून कधीच सोडून दिलं, कारण त्याचा भाऊ गेला होता. रूपाला सोडलं नाही. रूपा तर दवाखान्यात बघायलाही आली नाही. नोकरी सोडून धुळ्याला गेली ती गेलीच.

पुढे ताई नर्सिंग कॉलेजात शिकवायला लागल्या, आणि धुळ्याहून निघणाऱ्या नर्सिंगच्या एका संशोधन त्रैमासिकानं त्यांना परीक्षक नेमलं. कुणी निबंध पाठवला की संपादक जीनतबाई त्यावरचं नाव-गाव काढतात आणि तो दोन जाणत्यांकडे धाडतात. लेखक कोण हे परीक्षकाला कळत नाही, परीक्षक कोण हे लेखकाला कळत नाही. दोघांनी बरं म्हटलं तर छापायचा, नाहीतर दुरुस्तीला परत. याला पीअर रिव्ह्यू म्हणतात. पद्धत चांगली आहे, फक्त ती खानदेशासाठी काढलेली नाही. इथं चाललेला माणूस पाठमोरा दिसला तरी लोक त्याचं गाव, भाऊबंदकी आणि मामाचं घर सांगतात.

या पावसाळ्यात ताईंकडे एक निबंध आला. विषय, परिचारिकांवरचे हल्ले. हिशेब चोख, भाषा स्वच्छ. ताई खूश होऊन वाचत होत्या, तेवढ्यात प्रसंग क्रमांक चार आला. केळीचा ट्रक, सलाईनचा स्टँड, पाना. ‘त्या वेळी जवळपास दुसरे कोणीही कर्मचारी नव्हते,’ असं एक वाक्य. आणि त्याखालीच, ‘जखमी परिचारिका बंद दारावर उघड्या तळहाताने बराच वेळ थापा मारत होती.’

कोणी नव्हतं, तर तळहात कुणी ऐकला?

ताईंनी शेरे लिहायला घेतले. त्या दुपारी दवाखान्यात झाली नसेल अशी मारामारी त्यांनी त्या पानांवर केली. शीर्षकाचं नरडं दाबलं, पद्धतीच्या तंगड्या मोडल्या, निष्कर्षाला केस धरून फरफटत नेलं. रूपाची पीएचडी या निबंधावर अडली असणार, हे त्यांना लिहिता लिहिता कळत होतं, आणि कळत होतं म्हणून हात अजून जोरात चालत होता. नावाचा पडदा होताच. पानामागून पाना हाणायचा आणि कुणी हाणला ते कधी कळायचं नाही.

इथं त्या थांबल्या. दयेनं नाही. पडद्याआडून मारलं तर रूपाला कळणारच नाही की मारणारी आपण आहोत. त्यात काय मजा?

त्यांनी जीनतबाईंना फोन लावला आणि सांगितलं की प्रसंग क्रमांक चार म्हणजे मीच. जीनतबाई म्हणाल्या की लेखक ओळखू येत नाही असा निबंध आपल्याकडे अजून तरी आलेला नाही, पण ज्या बाईंचा जबडा निबंधात आहे त्यांना परीक्षक ठेवता येणार नाही. शिवाय ओळखता येईल असा माणूस निबंधात असेल तर त्याची लेखी संमती लागते. ती नसेल तर निबंध बाद.

म्हणजे काठी हातातून घेतली आणि कुऱ्हाड दिली.

आठवड्याभरात संमतीचा कागद घेऊन रूपा असोद्याला आली. ओट्यावर बसली. चहा आला, तो निवला. ताईंनी कागद आणि त्याला जोडलेला प्रसंग वाचला आणि विचारलं,

“यात कडी कुठंय?”

“अक्का, ते लिहिलं तर—”

“तू आत होतीस. मी दार बडवत होते.”

“दार वाजत होतं,” रूपा म्हणाली. “हाक नव्हती. तुम्हीच सांगितलं होतं, नावानं हाक मारल्याशिवाय उघडायचं नाही. मी कडी धरून तुमच्या हाकेची वाट बघत होते. मला वाटलं तेच लोक दार फोडताहेत. तुम्ही हाक का मारली नाही?”

“कशानं मारू? जबडा लोंबत होता.”

ताईंना आठवलं की कालच वर्गात नव्या पोरींना त्यांनी तोच धडा दिला होता. वेणी आत, कडी आत, हाकेची वाट. पुढच्या कुठल्यातरी दुपारी पुन्हा एक दार असंच बंद राहणार होतं, आणि ते बंद ठेवणारी शिकवण त्यांची होती.

त्यांनी न वाकणाऱ्या बोटांत पेन अडकवलं. “सही करते. पण तू दाराच्या आत होतीस हे लिही. कडीचा धडा माझा होता हेही लिही. आणि शेवटी लिही की औषधांच्या खोलीच्या दाराला डोळ्याच्या उंचीवर काच हवी.”

रूपानं सगळं लिहिलं. निबंध दुसऱ्या अनोळखी परीक्षकाकडे गेला आणि दिवाळीआधी शेरे आले. ताई जेवत असताना रूपानं ते फोनवर वाचून दाखवले. काचेची सूचना पसंत होती. फक्त एक अट होती. प्रसंग क्रमांक चार अतिरंजित वाटतो, मारहाणीचं वर्णन सौम्य करावं.

“काय करू, अक्का? एखादी लाथ काढू का?”

परीक्षकाला उत्तर देताना लवून द्यायचं, हा या धंद्याचा रिवाज. ताईंनी घास चावला. कट्.

“लिही,” त्या म्हणाल्या. “मान्यवर परीक्षकांच्या बहुमोल सूचनेबद्दल आम्ही अत्यंत ऋणी आहोत. तथापि जबडा तीन ठिकाणी मोडला होता. दोन करता येत नाही. एक्स-रे सोबत जोडला आहे.”